सांडूआबांचं अक्षर

“पण बाई, हा ‘आ’ कशाचा?”

वर्ग सुरू होऊन पाच मिनिटंही झाली नव्हती. मी फळ्यावर फ्रेंचमधलं पहिलं अक्षर काढलं होतं, तोंड मोठं उघडून ‘आ’ म्हणून दाखवलं होतं आणि दवाखान्यात घसा दाखवावा तसा चौदा पोरांनी माझ्यामागून ‘आ’ केला होता. तेवढ्यात पुढच्या रांगेतली द्वारका उभी राहिली. अकरा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, आणि चेहऱ्यावर उत्तर घेतल्याशिवाय न बसण्याचा निश्चय.

“कशाचा म्हणजे?” मी विचारलं.

“म्हणजे ग गणपतीचा, घ घराचा. तसा हा कशाचा?”

“आव्हियाँचा. आव्हियाँ म्हणजे विमान.”

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मागून भिकन नावाचा एक कार्टा म्हणाला, “विमान कुठं बघितलंय आपण जवळून?” आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी औरंगाबादहून गुंडाळी करून आणलेला रंगीत तक्ता भिंतीवर लावला. त्यात विमान होतं, फुगा होता, कसलासा किल्ला होता आणि बर्फात घसरणारा एक माणूस होता. पोरांनी तो तक्ता पाहुण्यांच्या घरचा फोटो पाहावा तसा आदरानं पाहिला आणि त्यातलं एकही अक्षर दुसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. फ्रेंचच्या दोन परीक्षा पास झाल्यामुळे नाकानं कांदे सोलत होते. पाणदरी हे लेण्यांच्या पायथ्याचं गाव. अर्धं गाव लेण्यांवरच जगायचं. कोणी गारगोट्या विकायचं, कोणी चहा, कोणी म्हाताऱ्या प्रवाशांना डोलीत बसवून वर न्यायचं. तिथल्या पोरांना परकी भाषा आली तर पुढे ती मार्गदर्शक होतील, असं एका संस्थेच्या मनात आलं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने वर्ग घ्यायला त्यांनी मला पाठवलं. शाळेचे पत्रे बदलायला काढले होते, म्हणून बसायला जागा नव्हती. तेव्हा सांडूआबांनी आपण होऊन स्वतःचा ओटा दिला. ओटा लांबरुंद, वर लिंबाची सावली. “माझी नात शिकंल, तिच्या संगं गाव शिकंल,” एवढंच ते म्हणाले. ती नात म्हणजे द्वारका.

सांडूआबांना सगळं गाव मानायचं. त्यांनी तीस वर्षं लेणीत आरसा धरला होता. तेव्हा आत दिवे नव्हते. दाराशी उभं राहून मोठ्या आरशानं ऊन आत फेकायचं, ते आतल्या पांढऱ्या फळीवर घ्यायचं आणि तिथून भिंतीवरच्या चित्रांवर सोडायचं, असं ते काम. आबांचा हात इतका स्थिर, की ऊन चित्राच्या डोळ्यावर ठेवलं तर डोळ्यावरच राहायचं, असं लोक सांगत. द्वारकाला ते सगळं तोंडपाठ होतं. दुसऱ्याच दिवशी ती मला म्हणाली, “बाई, आबा जिथं उभा राहायचा ना, तिथंच मी उभी राहणार. तो उजेड पाडायचा. मी सांगणार.” ही पोर माझ्या वर्गात कशासाठी बसली होती ते मला त्या दिवशी कळलं. बाकीचे तेरा सुट्टी घालवायला येत होते.

चौथ्या दिवशी मी तो तक्ता उतरवला. “बरं, तुम्हीच सांगा. हे अक्षर कशाचं?” असं म्हणून मी नुसता आवाज काढायचा आणि पोरांनी तो आवाज गावात शोधायचा, असं सुरू झालं. फ्रेंचमध्ये आपल्या ‘अ’सारखं पण जरा पोटातून दबून येणारं एक अक्षर आहे. ते मी म्हणताच भिकन ओरडला, “कौसामावशीचं! हंडा उचलताना!” कौसाबाई म्हणजे सांडूआबांच्या शेजारची, मी जिच्याकडे राहत होते ती विधवा बाई. तिच्या तोंडून दिवसातून चार वेळा तो ‘अ’ निघायचा आणि तो अगदी कॅसेटमधल्यासारखा असायचा. ‘आश’ हे अक्षर चहाच्या पहिल्या घोटाचं ठरलं. ‘ज्ही’ रहीमचाचांच्या शिलाई मशीनचं. ‘क’ला जोडून, ओठांचा चंबू करून आत ‘ई’ म्हणायचं ते अवघड अक्षर चुलीपुढच्या फुंकणीचं झालं आणि मला जे दोन महिन्यांत आलं होतं ते पोरांना एका दुपारीत आलं. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर त्यांनी नवा तक्ता काढला. विमानाच्या जागी आता जांभई देणारं मांजर होतं.

अशी सतरा अक्षरं निभावली. अठरावं आलं आणि मी खडू खाली ठेवला.

ते अक्षर ‘एर’. त्यातला ‘र’ आपल्यासारखा जिभेच्या शेंड्यावर येत नाही, घशाच्या तळातून येतो. मला तो येत नव्हता. तिसऱ्या परीक्षेच्या तोंडी भागात त्याच एका अक्षरापायी मी दोनदा नापास झाले होते आणि ही गोष्ट संस्थेला सांगितली नव्हती. आता इतक्या वर्षांत माझ्या हाताखालून शेकडो मुलं गेली, तरी अठराव्या अक्षराशी मी अजून क्षणभर थांबते. तेव्हा तर दोन दिवस सतरावंच अक्षर घोटून वेळ काढला होता. शेवटी पोरांना म्हणाले, “जीभ खाली ठेवायची. गुळणी करतो तिथून आवाज काढायचा. एर.”

“एर,” पोरं म्हणाली. स्वच्छ, मराठी, जिभेच्या शेंड्यावरचा.

द्वारका माझ्या तोंडाकडे बघत होती. “बाई, तुम्ही सांगता एक आणि म्हणता एक.”

मी पुन्हा म्हणून पाहिलं, तेच निघालं. तिनंच जरा विचार केला. मग तिचा चेहरा उजळला. “हे तर आमच्या आबाचं हाय,” ती म्हणाली. घशातून तिनं असा काही सुरेख, खोल ‘एर’ काढला की माझ्या अंगावर काटा आला. दोन वर्षं मी जो आवाज कॅसेट मागेपुढे करून ऐकत होते तो हाच होता.

सांडूआबा पहाटे पाचला ओट्याशेजारच्या न्हाणीच्या दगडापाशी उभे राहून खाकरत. एकदा, दोनदा, आणि मग तिसऱ्यांदा असे की डोंगरावरून तो आवाज परत यायचा. पाणदरीत कोंबडे होते, पण त्यांना कोणी विचारत नसे. बायका आबांच्या खाकरण्यावर चूल पेटवत, पोरं त्यावर कूस बदलत, पहिल्या गाडीला जाणारे त्यावर उठत. मी स्वतः त्यावरच उठत होते आणि इतके दिवस माझ्या लक्षात आलं नव्हतं.

चौथ्या आठवड्यात सगळी अक्षरं झाली, तेव्हा मला आणखी एक सुचलं. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. लेणी सोमवारी बंद असत, लोक मोकळे असत. म्हणून सोमवारी संध्याकाळी मी सगळ्या गावाला ओट्यावर बोलावलं. पोरं अक्षरं म्हणून दाखवतील, अक्षर कोणाचं तेही सांगतील. आबा मधोमध, भिंतीला टेकून, पांढरी टोपी घालून बसले होते.

सुरुवात झकास झाली. एकेक पोर पुढे यायचं, आवाज करून दाखवायचं आणि नाव घ्यायचं. कौसाबाईचं नाव आलं तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला. रहीमचाचांनी उभं राहून सगळ्यांना सलाम केला. लोक हसत होते आणि ज्याचं नाव येईल तो सगळ्यांत जास्त हसत होता. मला वाटलं, आपण फार मोठं काहीतरी केलं.

मग द्वारका उठली. ती न्हाणीच्या दगडापाशी गेली. दोन्ही हात कमरेवर ठेवले, आबा ठेवत तसेच. मान जराशी वाकवली, आबा वाकवत तशीच. आणि एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा खाकरली. तिसऱ्या वेळी डोंगरानं उत्तर दिलं. मग सरळ उभी राहून ती खणखणीत आवाजात म्हणाली, “एर. आमच्या आबाचा.”

ओट्यावर हशा पिकला. भिकनचा बाप तर मांडीवर थापा मारत होता. एकटी द्वारका हसत नव्हती. ती आबांकडे बघत होती, पाढा बरोबर म्हटल्यावर मास्तरांकडे बघावं तशी.

सांडूआबा उठले. टोपी नीट केली, चपला शोधल्या, कोणाकडे न बघता घरात गेले आणि दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाव झोपून राहिलं. मला जाग आली तेव्हा उन्हं भिंतीवर आली होती. कौसाबाई चुलीपुढे तिची तीच चिडचिड करत होती. पहिली गाडी तिघांची चुकली होती. “आबा आजारी तर नाहीत ना?” मी विचारलं.

“आजारी नाही,” कौसाबाई म्हणाली. “ओट्याकडं जाऊन बघ म्हणजे कळंल.”

मी गेले. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाळवण घातलं होतं. बाजांवर, चटयांवर, जुन्या धोतरांवर कुरडया, शेवया, पापड, सांडगे. पाय ठेवायला जागा नव्हती. आणि कडेला, हातात कावळे हाकायची काठी घेऊन द्वारका बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

कोणी कोणाला नाही म्हटलं नव्हतं. आबांनी मला जा म्हटलं नाही, वर्ग बंद करा म्हटलं नाही. ओट्यावर नुसतं वाळवण घातलं. आमच्याकडे याच्यापुढे बोलायचं काही उरत नाही. वाळवणावरून कोणी चालत जात नाही. दुसरीकडे वर्ग भरवावा म्हटलं तर कोणी पोर पाठवायला तयार होईना. सांडूआबांच्या मनाविरुद्ध कोण जाणार? पोरं लिंबाखाली जरा वेळ रेंगाळली आणि गोट्या खेळायला गेली. द्वारका काठी धरून तिथंच. मी वळून पाहिलं तेव्हा तिचे ओठ हलत होते. ती अक्षरं म्हणत होती, आवाज न काढता.

“एवढं काय मनाला लावून घ्यायचं?” त्या दुपारी मी कौसाबाईला म्हणाले. खरं तर मी स्वतःला धीर देत होते. “हंड्यावरून तुम्हाला हसले, तुम्ही हसलात की.”

“मला हंड्यावरून कोणी कामावरून काढलं नव्हतं,” कौसाबाई म्हणाली.

मग तिनं सांगितलं. तीस वर्षं लेणीत वटवाघळांच्या वासात आणि धुळीत उभं राहून आबांचा घसा गेला होता. आरसा धरायचा तर हलता येत नाही, खोकला आला तरी गिळायचा. एकदा परदेशातले मोठे पाहुणे आले होते, लेण्यांवरचा साहेब बरोबर होता. आबांना खाकर आवरली नाही. बंद जागेत तो आवाज घुमला. पाहुणे दचकले आणि मग हसायला लागले. एका बाईनं नाकाला रुमाल लावला. साहेबानं तिथंच, सगळ्यांदेखत, आबांच्या हातातून आरसा काढून दुसऱ्याला दिला. शेवटची चार वर्षं आबांनी खाली गाड्या लावायच्या जागी शिट्टी वाजवत काढली.

“घरात कोणाला सांगितलं नाही त्यानं,” कौसाबाई म्हणाली. “माझा नवरा डोलीवाला होता, त्यानं बघितलं म्हणून मला ठाऊक. द्वारकीला काय माहीत? तिला वाटतं आबा शेवटपर्यंत आरसाच धरत होता.”

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मला त्या रात्रीचं जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर मी आबांकडे गेले. ते पडवीत सुतळी वळत बसले होते. मला बघून त्यांनी सुनेला पाणी आणायला सांगितलं. माझं अगत्य त्यांनी कमी केलं नाही, आणि त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं.

“आबा, माझं चुकलं,” मी म्हणाले.

“तुमचं काय चुकलं बाई? लेकरं खेळतात.”

“वाळवण कधी निघेल?”

“ऊन हाय तवर राहू द्यावं लागतं.”

ऊन जूनपर्यंत होतं. माझा वर्ग मेअखेर संपत होता. मी पाण्याचा तांब्या हातात धरून बसले. माफीचं जे काही पाठ करून आले होते ते सगळं विसरले, आणि जे कोणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं तेच बोलून गेले.

“आबा, मला ते येत नाही.”

“काय येत नाही?”

“तुमचं अक्षर. मी दोनदा नापास झाले त्याच्यापायी. या वर्षी आणखी एकदा बसायचंय. द्वारकाला येतं, भिकनला येतं. मला येत नाही.”

आबांचा हात सुतळीवर थांबला. “अक्षर हाय ते?”

मी पडवीच्या मातीत बोटानं काढून दाखवलं. एक उभी रेघ, वर पोट, खाली तिरका पाय. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं.

“म्हणून दाखवा,” ते म्हणाले.

मी म्हटलं.

“मांजर शिंकलं,” आबा म्हणाले. “परत.”

मी परत म्हटलं. त्यांनी सुतळी बाजूला ठेवली. “जीभ मधी मधी करतीया तुमची. तिला निजवा. तिचं काम नाही ते. घोटभर पाणी हाय असं समजा आणि ते हलू द्या नुसतं. जोर लावू नका.”

“तुम्ही करून दाखवा ना.”

ते करणार होते. मान वाकलीसुद्धा. पण मग त्यांनी घराच्या दाराकडे पाहिलं आणि ते मागे टेकले. “नाही. म्या आता ते सोडलं.”

ओट्यावर कावळा आला होता, काठी वाजली.

“त्या मुलखात समदे असंच बोलतात?” आबांनी विचारलं.

“सगळे.”

“साहेबलोक बी?”

“तिथला राष्ट्रपतीसुद्धा.”

“बायामाणसं?”

“त्याही.”

“चारचौघांत?”

“चारचौघांत. ज्याला येत नाही त्याला अडाणी म्हणतात.”

आबांनी मातीतल्या अक्षराकडे पाहिलं. मग माझ्याकडे. “मग त्या दिशी ते लोक हसले काहून?”

ते पाहुणे कोणत्या देशाचे होते ते कोणाला ठाऊक? आणि त्याच देशाचे असते, तर मी काय सांगणार होते? “मला माहीत नाही आबा,” मी म्हणाले.

“मी नव्हते हसले.”

दारात द्वारका उभी होती. काठी हातातच होती. कधीपासून ऐकत होती कोण जाणे. “समदे हसले,” ती म्हणाली. “मी नव्हते हसले आबा. बाईला येत नाही ते तुला येतं, म्हणून मी तुझं नाव घेतलं.”

आबा तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ते तिला जवळ घेतील. त्यांनी तसं काही केलं नाही. सुतळी उचलली आणि म्हणाले, “कावळं बघ जा. पापड नेतील.” मला म्हणाले, “बघू.”

आमच्याकडे ‘बघू’ याचा अर्थ बहुतेक वेळा नाही असाच असतो. मी घरी येऊन पेटी भरायला घेतली. तक्ता गुंडाळताना त्यावरचं न्हाणीच्या दगडाचं चित्र दिसलं. द्वारकानं तिथं आबांची टोपी फार काळजीनं काढली होती. पांढऱ्या कागदावर पांढरी टोपी दिसेना, म्हणून तिच्याभोवती पिवळं ऊन रंगवलं होतं.

पहाटे मी जागीच होते. कौसाबाईही जागी होती, पण दोघीही झोपेचं सोंग घेऊन पडलो होतो. गाव गप्प होतं. पाच वाजून गेले असावेत. आता काही होत नाही असं म्हणून मी कूस बदलली.

आणि पलीकडे कडी वाजली.

आधी एक लहानसा आवाज आला, कोणी आत आहे का विचारावं तसा. मग दुसरा. मग जरा थांबून तिसरा, पूर्वीसारखा, पोटातून. डोंगर त्याला ओ देऊन गप्प झाला.

त्याच घरातून एक बारीक आवाज आला. “एर.”

मग भिकनच्या घरातून, झोपेनं जड झालेला, “एर.” मग शिंप्याच्या गल्लीतून एक. वरच्या आळीतून दोन, एकदम. मग कुठून कुठून, अंथरुणातून, अंगणातून, गोठ्यातून. गावातली माझी सगळी पोरं बोलत होती आणि एकालाही हसू येत नव्हतं. कुठेतरी चटई झटकल्याचा आवाज आला. आबांची सून ओट्यावरचं वाळवण गोळा करत होती.

मी उठून बसले होते. माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

“पोरी,” अंधारातून कौसाबाई म्हणाली, “तू काय मुहूर्त बघतीस?”

मी दारात जाऊन उभी राहिले. जिभेला निजवलं. घोटभर पाणी आहे असं समजले. जोर लावला नाही.

“एर.”

पलीकडे न्हाणीच्या दगडापाशी पांढरी टोपी वळली. सांडूआबांनी माझ्या दिशेनं कान दिला, आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“बाई, आजून जरा मागून.”

मी पुन्हा म्हटलं.